पानं चिकट झाली? आधी वरची फांदी बघा

थंडी ओसरायला लागली की नाशिकच्या वसाहतींमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर चिकट ठिपके पडतात आणि वायपर फिरवला की ते पसरून काच आणखीच धूसर होते. कुंपणाच्या जास्वंदीचं पान धरलं तर बोटाला चिकटतं. पेरूच्या खालच्या पानांवर काळा थर बसलेला असतो. मग बहुतेक जण दुकानात जाऊन सांगतात, "पानांवर काळी बुरशी आलीय, औषध द्या." दुकानदार बुरशीनाशक देतो. ते फवारलं जातं, काळेपणा तसाच राहतो, पंधरा दिवसांनी दुसरं बुरशीनाशक येतं. पैसे जातात, अंगणात नको ती रसायनं पडतात आणि झाड आहे तिथेच राहतं.

काळी बुरशी ही या साखळीतली शेवटची कडी आहे. तिच्या आधी चिकटपणा येतो आणि चिकटपणाच्या आधी कीड. ती कीड ज्या पानावर चिकटपणा दिसतो त्याच्यावर बहुधा नसते. ती असते त्याच्या वर, दुसऱ्या पानाच्या पाठीला. एवढं लक्षात आलं की अर्धं निदान झालं.

चिकटा येतो कुठून

पानात तयार झालेली साखर झाडाच्या मुळांकडे, फळांकडे, कोवळ्या शेंड्यांकडे जाते ती रसवाहिन्यांमधून. शाळेत जलवाहिन्या आणि रसवाहिन्या अशी जोडी शिकवतात, त्यातली ही दुसरी. या रसात 10 ते 25 टक्क्यांच्या आसपास साखर असते आणि तो चांगल्यापैकी दाबाखाली असतो. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि मऊ खवले कीड या सगळ्यांची सोंड केसाहून बारीक असते. ती पेशींमधून वाट काढत थेट रसवाहिनीत जाते. एकदा टोचली की ओढायचे फारसे कष्टही पडत नाहीत, रस दाबानेच वर येतो. संशोधक या गोष्टीचा उपयोग करून घेतात. रस पीत असलेल्या माव्याची सोंड मध्येच कापली, तर झाडात राहिलेल्या तुकड्यातून रस तासन् तास थेंबथेंब येत राहतो आणि वनस्पतीचा शुद्ध रस तपासायला मिळतो.

एवढी साखर मिळते तर ती बाहेर का टाकायची? कारण किडीला साखरेपेक्षा अमिनो आम्लं जास्त हवी असतात. शरीर वाढवायचं, पिल्लं घालायची तर प्रथिनं लागतात, आणि रसात त्यांची सामग्री अगदी थोडी असते. काही आवश्यक अमिनो आम्लं मावा आपल्या शरीरात वस्तीला असलेल्या ब्युकनेरा नावाच्या जिवाणूंकडून बनवून घेतो, तरी बाकीच्यांसाठी त्याला रस पीतच राहावं लागतं. गरजेपुरतं शोषून घ्यायचं आणि उरलेलं गोड पाणी मागच्या टोकातून बाहेर सोडायचं, हा त्याचा दिवसरात्रीचा क्रम. आपले शेतकरी या गोड पाण्याला चिकटा म्हणतात. ज्वारीवर तो पडतो, कापसावर पडतो, आंब्याच्या मोहोरावरही पडतो.

यातूनच युरियाचा हिशेबही कळतो. युरियातून झाडाला नत्र (नायट्रोजन) जास्त दिलं की भरमसाट कोवळी पालवी फुटते आणि तिच्या रसात अमिनो आम्लं वाढतात. माव्याला नेमकं तेच हवं असतं. गुलाबाला मूठभर युरिया टाकल्यानंतर काही दिवसांत शेंडे हिरव्या किडीने भरून गेल्याचं अनेकांनी पाहिलं असेल. ते वरवर दिसतं तसं नशीब नाही, आपणच वाढून ठेवलेलं ताट आहे.

चिकटा पानावर पडून राहिला की हवेतले बुरशीचे बीजाणू त्यावर वाढतात. हीच काजळी. ही बुरशी साखरेवर जगते, पानाच्या आत शिरत नाही. म्हणून ओल्या फडक्याने घासलं की काळा थर निघतो आणि खाली हिरवं, धडधाकट पान दिसतं. नुकसान होतं ते सावलीमुळे. थर जाड असेल तर पानाला ऊन मिळत नाही आणि अन्न तयार होणं मंदावतं. बुरशीनाशकाचा इथे उपयोग नाही तो यामुळेच: साखर पडत राहिली तर बुरशी पुन्हा येणार, साखर थांबली तर तिला खायलाच काही उरत नाही.

ओळखायचं कसं

सकाळी उजेडात झाडाखाली उभं राहा. ज्या पानाचा वरचा भाग चकाकतोय ते पान धरा आणि त्याच्या सरळ रेषेत वर बघा. वरच्या फांदीची दोन-चार पानं उलटून पाहा, विशेषतः मधली शीर आणि देठाजवळचा भाग. मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढला तरी पुरतं, साधं भिंग असेल तर उत्तमच.

लांबट, थुलथुलीत, बाजरीच्या दाण्याहूनही लहान, कोवळ्या शेंड्यावर दाटीवाटीने बसलेले हिरवे, काळे किंवा पिवळे जीव म्हणजे मावा. नीट पाहिलं तर पाठीच्या मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या दिसतात, ही त्याची पक्की खूण. माव्याजवळ पांढरा भुसा पडलेला दिसला तर तो पाहून बुरशी समजू नका. मावा वाढताना कात टाकतो, त्या रिकाम्या काती असतात. उबदार हवेत बहुतेक माद्या नराशिवाय थेट पिल्लांनाच जन्म देतात. त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिढी आधीच तयार होत असते, म्हणून रिकामा असलेला शेंडा आठवड्यात भरून जातो.

फांदी हलवल्यावर पानाखालून पांढऱ्या कणांचा ढग उठून परत बसला तर पांढरी माशी. पेरू आणि नारळाच्या पानाखाली पांढऱ्या मेणाच्या गोल गोल चकल्या दिसल्या तर तिच्यातलाच चक्राकार प्रकार. तो मूळचा अमेरिकेकडचा, भारतात 1993 मध्ये केरळात सापडला. त्याची आणखी एक बहीण, नारळावरची, 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीजवळ आली आणि नंतर इतर राज्यांत पसरली. सोसायटीत नारळ असेल आणि त्याखालची सगळीच झाडं काळी पडत असतील तर आधी नारळाची झावळी बघा.

कापसाचा बोळा चिकटवल्यासारखं पांढरं काही देठाच्या बेचक्यात, जास्वंदीच्या कळीखाली, सीताफळाच्या खवल्यांमध्ये दिसलं तर पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. गुलाबी रंगाचा पिठ्या जास्वंदीचा शेंडाच आखडून टाकतो, पानं मुठीसारखी एकवटतात. मऊ खवले कीड मात्र फसवी असते. तपकिरी, फुगीर, फांदीचाच डोळा वाटावा अशी. नखाने खरवडून बघा. सहज उचकटली आणि खाली ओलसर निघालं तर कीड.

आंब्याचं झाड असेल तर कानही उपयोगी पडतो. मोहोराच्या दिवसांत झाडाखाली गेल्यावर टिकटिक आवाज करत पाचरीच्या आकाराचे करडे किडे उडाले, पानांवर आपटले, तर ते तुडतुडे. मोहोर नसताना ते खोडाच्या सालीच्या फटींत दडून राहतात आणि मोहोर फुटला की तिकडे धावतात. मोहोर काळवंडून झडतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतात.

वर काहीच सापडत नसेल तर संध्याकाळी झाडाखाली जुना पेपर किंवा स्टीलचं ताट ठेवा. सकाळी त्यावर बारीक ठिपके पडले आणि बोटाला चिकटले, तर वर कुणीतरी बसलेलं आहे. ताट दोन-तीन ठिकाणी सरकवून पाहिलं की कोणत्या फांदीखाली ठिपके दाट आहेत तेही कळतं.

आणि काही वेळा कीड नसतेही. आंब्याच्या खोडातून पिवळसर डिंक ओघळत असेल तर ते वेगळं दुखणं, जखम किंवा खोडाचा रोग. एरंडाच्या देठावर आणि कापसाच्या पानाच्या शिरेवर गोड थेंब देणाऱ्या ग्रंथीच असतात, तो त्यांचा स्वभाव. पानं मुडपलेली, चट्टे पडलेली, पण हाताला कोरडी असतील तर फुलकिडे किंवा लाल कोळी असण्याची शक्यता जास्त, कारण हे दोघे चिकटा सोडत नाहीत.

मुंग्या कशाला चढतात

झाडावर मुंग्यांची रांग दिसली की लोक मुंग्यांनी झाड खाल्लं म्हणतात. मुंग्या त्या चिकट्यासाठी चढतात. माव्याच्या पाठीवर त्या मिशांनी हलकेच थापटतात आणि तो थेंब सोडतो. या बदल्यात त्या त्याची राखण करतात: ढालकिड्यांच्या अळ्यांना हुसकावतात, माव्यावर अंडी घालायला आलेल्या बारीक गांधीलमाशांना पळवून लावतात. म्हणून मुंग्या चढत असलेल्या झाडावर कीड आटोक्यात येत नाही, कितीही फवारा.

मला विचाराल तर उपचाराची सुरुवात इथूनच करावी. खोडाभोवती जाड कापड किंवा प्लॅस्टिकचा वीतभर रुंद पट्टा घट्ट बांधा आणि त्या पट्ट्यावर ग्रीस लावा. सालीला ग्रीस थेट लावू नका, साल खराब होते. महिन्याने पट्टा काढून बघा, खाली पाणी साचत असेल तर जागा बदला. भिंतीला, गच्चीच्या कठड्याला, वायरला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या खोडाचा रस्ता सोडून तिकडून येतील. कुंडीत असेल तर कुंडी पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवली तरी भागतं, थाळीत डास होऊ देऊ नका म्हणजे झालं.

मुंग्या थांबल्या की काम करतात ते आपले मित्र किडे. ढालकिडा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला छोटा भुंगा, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याची अळी मात्र फार जण ओळखत नाहीत: करडी-काळी, नारिंगी ठिपक्यांची, सहा पायांची, मगरीच्या पिल्लासारखी. ती दिवसभर मावा खात फिरते आणि लोक तिलाच कीड समजून चिरडतात. पिठ्या ढेकणाच्या शत्रूचं तर याहून वाईट होतं. क्रिप्टोलेमस नावाचा भुंगा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. तिथे त्याचं फारसं जमलं नाही, पण पिठ्यावर तो उत्तम काम करतो आणि आज द्राक्षबागेत मुद्दाम सोडतात. भुंगा काळसर, डोकं नारिंगी. पण त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली असते, हुबेहूब मोठा मिलीबग! फरक असा की मिलीबग जागेवर चिकटलेला असतो, हलला तरी सावकाश. ही अळी लांब असते, झुपके विस्कटलेले असतात, आणि काडी लावली की लगबगीने चालायला लागते. अशी पळणारी 'मिलीबग' दिसली तर फवारणी थांबवा. तुमचं काम ती करतेय.

उपाय, सोप्यापासून वरच्या पायरीपर्यंत

कुंडीतल्या आणि हात पोचेल अशा झाडांसाठी पहिला उपाय पाण्याचा. पाइपच्या तोंडावर बोट धरून जोराचा फवारा पानाच्या खालून मारा, सकाळच्या वेळी. धुऊन पडलेला मावा बहुधा परत वर चढू शकत नाही, कारण पीत असताना सोंड तुटलेली असते. तीन-चार दिवसांनी पुन्हा. कित्येक गुलाब एवढ्यावरच सुधारतात.

त्यानंतर साबणपाणी. एक लिटर पाण्यात हात धुण्याचा सौम्य द्रव साबण 5 मिली. कपड्यांची पावडर नको, तिने पानं करपतात. आधी दोन-चार पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा, मग पूर्ण झाडावर, ऊन उतरल्यावर. साबण किडीच्या अंगावर पडला तरच काम करतो, वाळल्यावर त्याचा परिणाम राहत नाही. म्हणून पानाच्या खालून फवारणं हाच या उपायाचा प्राण आहे आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीनदा करावं लागतं, कारण अंड्यांतून नवी पिल्लं येत राहतात. कुंडीत थोडे मिलीबग असतील तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा प्रत्येकावर टेकवला की पुरे.

निंबोळी अर्क हा आपल्याकडचा खरा भरवशाचा उपाय. 50 ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायचं, साबणाचे थोडे थेंब टाकून त्याच संध्याकाळी फवारायचं. हाच शेतकऱ्यांचा 5 टक्के अर्क. तो कीड लगेच मारत नाही. पिल्लांची वाढ आणि कात टाकणं बिघडवतो, खाणं कमी करतो. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून निराश होऊन जहाल औषधाकडे वळू नका, आठवडा थांबा.

जमलेली काजळी काढायला मैद्याची खळ वापरतात. एक किलो मैदा 5 लिटर पाण्यात शिजवून, गार करून 20 लिटर करायचं. घरी 50 ग्रॅमला एक लिटर हा हिशेब. गाळून, कडक ऊन असलेल्या दिवशी पानांवर फवारा. खळ वाळली की तिचा पापुद्रा सुटतो आणि काजळी त्याच्याबरोबर निघून येते. ढगाळ हवेत हा उद्योग करू नका, खळच बुरशीला खाद्य होईल.

मोठ्या आंब्यावर हाताने काही होत नाही, तिथे कात्री आणि करवत. दाट छत्रीत ऊन-वारा खेळत नाही आणि तुडतुड्यांना तसंच ठिकाण आवडतं. फळं उतरल्यावर मधल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि वाळक्या फांद्या काढा. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक फवारू नका. त्या वेळी माश्या आणि मधमाश्या परागीकरण करत असतात, त्याच मेल्या तर फळ धरणार कसं?

मुळाशी ओतायची आंतरप्रवाही औषधं सोपी वाटतात, पण घरच्या बागेत ती मला पटत नाहीत. औषध रसात उतरतं, रस कीड पिते, आणि उरलेलं चिकट्यातून बाहेर येतं. 2019 मध्ये स्पेनमध्ये संत्रावर्गीय झाडांवर केलेल्या संशोधनात हे दिसलं. निओनिकोटिनॉइड या आंतरप्रवाही गटातल्या औषधांनी उपचार केलेल्या झाडांवरच्या पिठ्या ढेकणाचा चिकटा ज्या सिरफिड माश्या (यांच्या अळ्या मावा खातात) आणि परजीवी गांधीलमाश्यांनी खाल्ला, त्यांच्यात मोठ्या प्रमाणात मर झाली. किडीचे शत्रू आधी मरतात, कीड मागून परत येते. शिवाय कढीपत्ता, लिंबू, पेरू आपण खातो.

द्राक्षबागेचं गणित मात्र वेगळं. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या बागायतदाराला घडावर चिकटा परवडतच नाही, काळवंडलेला घड बाजारात कुणी घेत नाही. तिथे पिठ्या ढेकूण खोडाच्या सुटलेल्या सालीखाली आणि ओलांड्याच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीच्या, गाठींत राहतो आणि घडात साखर भरायला लागली की तिकडे सरकतो. म्हणून एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या वेळी सुटी साल काढून जाळणं, वारुळं शोधून मुंग्या थांबवणं आणि घड तयार होण्याच्या कितीतरी आधी बंदोबस्त करणं हाच राजमार्ग आहे. औषध घ्यायचं तर द्राक्षावर लेबल क्लेम, म्हणजे त्या पिकावर वापरायची अधिकृत मान्यता, असलेलंच, आणि काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ पाळूनच. शंका असेल तर किडीसकट फांदी बंद पिशवीत घालून नाशिकच्या मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) दाखवा.

मुलांकडे अमेरिका-कॅनडाला गेलेले आईवडील फोनवर विचारतात, इथल्या मेपलची पानंही चिकट झालीत, ते मेपल सिरप गळतंय का? नाही. सिरपचा रस हिवाळा संपताना खोडाला भोक पाडून जलवाहिन्यांमधून घेतात. त्यात साधारण 2 टक्केच साखर असते आणि 40 लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं. उन्हाळ्यात पानांवर दिसतो तो चिकटा मेपलवरच्या माव्याचा, किंवा फांदीच्या खालच्या बाजूला पांढरे कापसाळ पुंजके असतील तर खवले किडीचा. ओळखायची पद्धत नाशिकच्या आंब्यासारखीच. मोठ्या, निरोगी मेपलला मावा सहसा इजा करत नाही, ढालकिडे आले की आपोआप ओसरतो. गाडी दुसरीकडे लावावी आणि झाडाला त्याचं त्याचं करू द्यावं.

उपाय सुरू केल्यावर जुनी काळी पानं बघत बसू नका, ती बराच काळ तशीच दिसतील. नवीन पालवीवर लक्ष ठेवा. दोन-तीन आठवड्यांत आलेली पानं कोरडी आणि चकाकी नसलेली असतील तर तुमचं जमलं. पुन्हा चिकट आली आणि तुमच्या झाडावर काहीच सापडत नसेल, तर कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा नारळ किंवा सीताफळ तुमच्या झाडावर झुकलंय का ते बघा, आणि भिंग घेऊन त्यांच्याकडे जा.